काक्षीच्या पोटात काय चाललंय

नमस्कार मंडळी. बसायच्या आधी सगळ्यांनी एकदा पूर्वेकडे बघून घ्या, त्या पाण्याच्या टाकीच्या वर. तीन तारे एका ओळीत दिसतायत ना? तो व्याधाने मारलेला बाण, आणि त्याच्या भोवती चौकोनात चार तारे आहेत ते मृगाचे चार पाय. बाणाच्या डाव्या हाताला जो तांबूस तारा आहे तो काक्षी, आणि उजव्या हाताला निळसर पांढरा लखलखतोय तो राजन्य. काक्षीला इंग्रजीत बीटलज्यूस म्हणतात, आणि पंचांगातल्या आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणून बरेच जण ह्यालाच धरतात. इथे निम्मी मंडळी शेतकरी आहेत त्यामुळे मृग आणि आर्द्रा ही नावं मी सांगायला नकोत, पण एक बघा, मृग लागतो ७-८ जूनला आणि आर्द्रा २१-२२ जूनला, म्हणजे त्या दिवसांत सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो, म्हणून ज्या नक्षत्रांवर आपण पेरण्या करतो ती पेरणीच्या वेळी कधीच दिसत नाहीत, बघायची तर अशी पौष-माघाच्या थंडीतच.

आज विषय "जड ताऱ्यांचं आयुष्य" असा ठरलाय, पण मी बोलणारे ते बहुतेक ह्या एकाच ताऱ्याला धरून, कारण एक तारा डोळ्यासमोर असला की बाकीचे आपोआप कळतात. आणि मला ह्याच्याबद्दल सगळ्यात विलक्षण काय वाटतं ते आधीच सांगून टाकते. ह्याच्या पोटात काय चाललंय हे ह्याच्या तोंडावरून ओळखता येत नाही. इतका मोठा, इतका तेजस्वी, जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी ह्याच्यावर रोखलेल्या, तरी गाभ्यात नेमकं काय जळतंय हे थेट बघायची सोय नाही. असं का, तेच आज समजून घेऊ.

आधी वय. समोर अंधारात शिवनेरी आहे. त्याचा कातळ म्हणजे दख्खनचा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि काक्षीचं वय? एक कोटी वर्षांच्या आतबाहेर. म्हणजे किल्ल्याचा कातळ थंड होऊन बसला तेव्हा हा तारा जन्मायला अजून पाच-साडेपाच कोटी वर्षं बाकी होती, डायनासोरांच्या आकाशात काक्षी नव्हताच. आणि एवढ्या वयात तो म्हातारा झालाय. आपला सूर्य ४६० कोटी वर्षांचा आहे आणि अजून निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक आहे. कोणालाही वाटेल की ज्याच्याकडे इंधन जास्त तो जास्त दिवस जळेल. ताऱ्यांच्या बाबतीत बरोबर उलटं होतं.

कारण तारा म्हणजे स्वतःच्याच वजनाशी चाललेली झुंज. वजन सगळं आत ओढतंय, आणि आतली उष्णता ते तोलून धरतेय. वजन जास्त म्हणजे गाभ्यावर दाब जास्त, दाब जास्त म्हणजे तापमान जास्त, आणि हायड्रोजन जळायचा वेग तापमानाबरोबर इतका भडकतो की सूर्याच्या २० पट वजनाचा तारा सूर्याच्या ४०-५० हजार पट प्रकाश टाकतो. हिशेब तुम्हीच करा, कमाई वीसपट आणि खर्च चाळीस हजार पट, संसार किती दिवस चालेल? सूर्याला एकूण १००० कोटी वर्षं मिळतात, अशा ताऱ्याला ८०-९० लाख. बरं, "जळतं" म्हणते तेव्हा चुलीतलं जळणं डोळ्यासमोर आणू नका, हायड्रोजनची चार केंद्रकं एकत्र येऊन हेलियमचं एक बनतं आणि त्यात थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं, त्याला मी सोपं म्हणून जळणं म्हणतेय.

सूर्याच्या आठपट किंवा जास्त वजनाचा तारा असेल तर त्याला जड म्हणायचं. ही आठची रेघ अगदी आखून दिलेली नाही, थोडी इकडेतिकडे होते. असे तारे फार थोडे, शंभरात एकसुद्धा धड नाही. पण आकाशगंगेचा बराचसा प्रकाश, बरीचशी ढवळाढवळ ह्या मूठभर ताऱ्यांचीच.

आता काक्षी तांबडा कसा झाला ते. तरुणपणी हा निळसर, तापलेला, आजच्या मानाने अगदी लहान तारा होता. मग गाभ्यातला हायड्रोजन संपला. गाभा दबला, तापला, त्याच्या भोवतीच्या थरात हायड्रोजन जळायला लागला, आणि वरचं सगळं फुगत गेलं. फुगलं म्हणजे पृष्ठभाग प्रचंड वाढला, आणि तोच प्रकाश एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून बाहेर पडतोय म्हटल्यावर पृष्ठभाग थंड झाला, सूर्याचा साधारण ५८०० केल्विन आहे तर ह्याचा ३५०० च्या आसपास. म्हणून तो तांबूस. मराठीत अशा ताऱ्याला तांबडा महाराक्षसी तारा म्हणतात, मला तो शब्द आवडतो, नुसतं "रेड सुपरजायंट" म्हटलं की त्याचा आकार पोचत नाही.

आकार किती, तर सूर्याच्या ७५० पट त्रिज्या धरूया. हा आकडा अंतरावर अवलंबून आहे आणि अंतर साधारण ५५० प्रकाशवर्षं धरलं तर तो येतो, अजून त्यावर मतभेद आहेत. सूर्याच्या जागी काक्षी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे पोटात, पार लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत. सूर्य सोडून ज्या ताऱ्याची रुंदी माणसाने पहिल्यांदा मोजली तो हाच. १९२० च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर मायकेलसन आणि पीस ह्यांनी १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटी तुळई बसवली, तिच्यावर आरसे, आणि दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाचे पट्टे कधी पुसट होतात ते बघून त्यांनी ह्या ठिपक्याची रुंदी काढली. शंभर वर्षांपूर्वी! मला ती तुळई नेहमी आठवते, कारण त्यात कॉम्प्युटर नाही, कॅमेरासुद्धा नाही, एक माणूस डोळा लावून बसलाय आणि पट्टे दिसतायत की नाही तेवढंच बघतोय.

पण एवढा मोठा म्हणजे एवढा भरीव असं समजू नका. सरासरी काढली तर काक्षी आपल्या हवेपेक्षा हजारो पटीने विरळ आहे. बाहेरचा सगळा डोलारा म्हणजे जवळजवळ निर्वातच, तांबडा तापलेला निर्वात. वजन सगळं मध्ये. शाळेचं मैदान आहे ना आपलं, साधारण शंभर मीटर लांब? काक्षी त्या मैदानाएवढा आहे असं धरा. तर त्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत मधोमध जो लोखंडाचा गाभा तयार होणारे तो ह्या मापात किती मोठा असेल? मी घरी हिशेब केला आणि मग डब्यातून आणूनच दाखवायचं ठरवलं. हे बघा, पुढच्या ओळीत फिरवा, खसखस आहे. एक दाणा. मैदानाएवढा तारा आणि मध्ये खसखशीचा एक दाणा, आणि त्या दाण्यात सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान. पुस्तकात जी चित्रं असतात ना, कांदा कापल्यासारखी, एकात एक पापुद्रे, बाहेर हायड्रोजन मग हेलियम मग कार्बन ऑक्सिजन आणि मध्ये लोखंड, ती चित्रं चूक नाहीत पण त्यात मापाचा अंदाज पार जातो, मुलांना वाटतं सगळे पापुद्रे सारख्या जाडीचे. तो कांदा त्या दाण्याच्या आसपासच आहे, बाकी सगळं मैदान रिकाम्यासारखंच.

आता त्या दाण्यापर्यंत जाऊ. गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम झालं, पुढे हेलियम जाळायला सुमारे २० कोटी अंश तापमान लागतं. तीन हेलियम एकत्र येऊन एक कार्बन होतो. हे गणित सुरुवातीला जमत नव्हतं, कारण तीन केंद्रकं नेमकी एका वेळी भेटून चिकटून राहणं फारच अवघड, तसं असेल तर विश्वात कार्बन जवळजवळ नसायलाच पाहिजे. १९५३ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेतल्या लोकांना म्हणाले की कार्बनच्या केंद्रकाला साधारण ७.६५ एमईव्ही एवढ्या ऊर्जेला एक खास अवस्था असलीच पाहिजे, नाहीतर कार्बन बनणार नाही. त्यांनी शोधली, आणि ती सापडली. हेच हॉयल आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. कोल्हापुरात जन्मलेला मुलगा, पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा माणूस. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर सर गेले तेव्हा मला पहिलं आठवलं ते हेच, की तारे हा विषय सर्वसामान्य माणसाशी मराठीतून बोलायचा असतो हे माझ्या पिढीला त्यांनी दाखवलं.

पुढे काय होतं ते मी आकड्यांतच सांगते, कारण आकडेच बोलतात. सूर्याच्या २५ पट वजनाचा तारा घ्या, काक्षीपेक्षा थोडा जड, पण ह्याची गणितं खूप वेळा केलेली आहेत. हायड्रोजन जळतो साधारण ७० लाख वर्षं. हेलियम सात-आठ लाख वर्षं. मग कार्बन पेटतो, तापमान ८० कोटी अंश, आणि तो पुरतो सुमारे ६०० वर्षं. मग निऑन, एक वर्ष. ऑक्सिजन, सहा महिने. आणि शेवटी सिलिकॉन, ३५० कोटी अंशांना, एक दिवस. एक दिवस! सत्तर लाख वर्षांपासून सुरू झालेला हिशेब एका दिवसावर येतो.

हे असं घसरत का जातं? एक तर प्रत्येक पुढच्या इंधनातून मिळणारी ऊर्जा कमी कमी. पण खरं कारण वेगळं आहे. कार्बन जळायला लागल्यावर गाभा इतका तापलेला असतो की तिथे न्यूट्रिनो नावाचे कण ढिगाने तयार होतात. प्रकाशाला गाभ्यातून बाहेर यायला हजारो वर्षं धडपडावं लागतं, प्रत्येक पावलाला कुणीतरी अडवतं. न्यूट्रिनोला कोणीच अडवत नाही, तो सरळ निघून जातो, संपूर्ण तारा पार करून. म्हणजे गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा ताऱ्याला तोलून धरायच्या कामी यायच्या आधीच पळून जातेय, रांजणाला भोक पडल्यासारखी. मग ती तूट भरायला गाभा आणखी दबतो, आणखी तापतो, आणखी जोरात जळतो आणि आणखी न्यूट्रिनो सुटतात.

आणि इथेच माझ्या मूळ मुद्द्यावर येते. ही सगळी शेवटची धावपळ आत चाललीये, तिची ऊर्जा न्यूट्रिनो घेऊन जातायत, वरच्या थरांना त्यातलं काही मिळतच नाही. गाभ्यातला बदल उष्णतेच्या वाटेने वर पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ शेवटच्या टप्प्यांकडे नसतो. म्हणून बाहेरून तारा जसाच्या तसा, तोच तांबूस रंग, तेच तेज. हेलियम जळत असलेला काक्षी आणि उद्या फुटणारा काक्षी आपल्या डोळ्याला जवळपास सारखाच दिसेल.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, बाई, मग २०१९-२० मध्ये तो मंदावला होता ते काय होतं? बरोबर आहे, ते मी स्वतः पाहिलंय, ह्याच गच्चीवरून. तेव्हा आठ-दहा मुलं होती माझ्याबरोबर. आम्ही एक वही केली होती, रोज रात्री साडेआठला काक्षीची तुलना करायची, रोहिणीशी आणि चौकोनातल्या काक्षीच्या जोडीच्या ताऱ्याशी, ज्याला बेलाट्रिक्स म्हणतात. ह्या दोघांना आम्ही मृगाचे खांदे म्हणतो. डिसेंबरात तो रोहिणीपेक्षा कमी झाला. जानेवारीत आणखी. फेब्रुवारीच्या मध्याला एका मुलीने लिहिलं, "दोन्ही खांदे सारखे." मला अजून ते पान डोळ्यासमोर दिसतं. जन्मापासून ज्या ताऱ्याला आकाशातल्या पहिल्या दहात पाहिलं तो असा दुसऱ्या फळीत जाऊन बसला, आणि जगभर सगळ्यांना वाटलं आता फुटणार.

फुटला नाही. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने डिसेंबर २०१९ मध्ये त्याची प्रतिमा घेतली त्यात खालचा, म्हणजे दक्षिणेकडचा भाग काळवंडलेला दिसला. हबल अवकाश दुर्बिणीने त्याच्या आधीच्या महिन्यांत तिथून तापलेला वायू बाहेर निघताना पाहिला होता. म्हणजे झालं असं की त्याच्या पृष्ठभागावर वायूचे राक्षसी बुडबुडे उकळत असतात, त्यातून एक मोठा गोळा बाहेर फेकला गेला, तो लांब जाऊन थंड झाला आणि त्याची धूळ झाली, आणि ती धूळ बरोबर आपल्या आणि त्याच्या मध्ये आली, शिवाय तिथला पृष्ठभागही थोडा थंड पडला होता. म्हणजे जे झालं ते सगळं चेहऱ्यावरचं, पोटातलं काही नाही. एप्रिलपर्यंत तो पुन्हा पहिल्यासारखा. मुलांचा हिरमोड झाला, माझा नाही झाला. आपल्या डोळ्यांनी एका ताऱ्याला वायू ओकताना आणि त्याची धूळ होताना पाहिलं, हे काय कमी आहे?

ही धूळ-वायू फेकणं तसं जड ताऱ्यांचं नेहमीचंच. काही जण तर इतकं फेकतात की वरचा हायड्रोजनचा सगळा थर उडून जातो आणि आतला तापलेला भाग उघडा पडतो, त्यांना वुल्फ-रायेट तारे म्हणतात. शिवाय जड ताऱ्यांपैकी बहुतेकांना जोडीदार असतो आणि ते एकमेकांचं वस्तुमान ओढून घेतात, कधी कधी दोघांचा एक होतो. त्यामुळे मी जी एका ताऱ्याची सरळ गोष्ट सांगतेय ती सगळ्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही हे लक्षात असू द्या.

बरं, काक्षी आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे? त्याच्या धडधडीवरून, म्हणजे तो साधारण ४०० दिवसांनी लहान-मोठा होतो त्यावरून गणित करता येतं, आणि बहुतेक अभ्यासकांचं उत्तर असं की अजून गाभ्यात हेलियम जळतोय. म्हणजे लाखभर वर्षं तरी हातात आहेत. २०२३ मध्ये काहींनी मांडलं की तो कार्बनपर्यंत पोचलाय, पण ते जुळवायला तारा फार मोठा धरावा लागतो आणि मोजलेल्या रुंदीशी ते बसत नाही. म्हणून "तो कदाचित आधीच फुटला असेल आणि प्रकाश वाटेत असेल" हे जे वाक्य सगळीकडे फिरतं ते मला पटत नाही. लाखभर वर्षांपुढे ५५० वर्षं म्हणजे काय?

पण एक दिवस ते होणारच आहे, तर ते कसं ते सांगते. सिलिकॉन जळून लोखंडाच्या गटातली केंद्रकं बनतात आणि तिथे सगळं थांबतं, कारण केंद्रकांमध्ये लोखंडाच्या आसपासची बांधणी सगळ्यात घट्ट. त्याच्या पुढे जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. म्हणजे मध्ये एक गोळा साठत चाललाय जो काही कमावत नाही, फक्त इलेक्ट्रॉनांच्या दाबावर उभा आहे. हा दाब किती वजन पेलेल? ह्याचं उत्तर ज्याने काढलं तो १९ वर्षांचा मुलगा १९३० साली आपल्या मुंबई बंदरातून बोटीत बसून इंग्लंडला निघाला होता. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. बोटीवरच्या त्या दिवसांत त्याने गणित मांडलं आणि त्यातून निघालं की ह्या दाबाला एक मर्यादा आहे, पुढे तिचा आकडा सूर्याच्या साधारण १.४ पट असा पक्का झाला. त्याच्या पलीकडे वजन गेलं की दाब हरतो. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने हे सगळ्यांसमोर उडवून लावलं, म्हणाले निसर्ग असं होऊ देणार नाही. चंद्रशेखरांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते वाटून मिळालं विल्यम फाउलर ह्यांच्याबरोबर, म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत हॉयल तो कार्बनचा प्रश्न घेऊन गेले होते तेच. ताऱ्यांमध्ये मूलद्रव्यं कशी बनतात ह्यावरचा १९५७ चा जो मोठा निबंध आहे तो बर्बिज पती-पत्नी, फाउलर आणि हॉयल अशा चौघांचा. हॉयलना त्या नोबेलमध्ये वाटा मिळाला नाही, हे मला आजही खटकतं.

तर गाभा त्या मर्यादेच्या पलीकडे जातो आणि कोसळतो. पृथ्वीएवढा गाभा, एका सेकंदाच्या आत काही डझन किलोमीटरांवर येतो. बाहेरचा भाग आत पडताना वेग प्रकाशाच्या जवळजवळ चौथाई. तापमान इतकं की लोखंडाची केंद्रकं फुटून पुन्हा हेलियम आणि सुटे न्यूट्रॉन होतात, म्हणजे जे घडवायला लाखो वर्षं लागली ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उधळलं. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात आणि प्रत्येक वेळी एक न्यूट्रिनो सुटतो. मध्ये अणूच्या केंद्रकाइतका घट्ट गोळा तयार झाला की तो आणखी दबायला नकार देतो, वरून पडणारं सगळं त्याच्यावर आपटून उसळतं आणि एक धक्क्याची लाट बाहेर निघते. ती लाट वाटेत अडकते. ही अडचण कॉम्प्युटरवर सोडवायला लोकांची पन्नास वर्षं गेली. अडकलेल्या लाटेला पुन्हा जोर देतात ते न्यूट्रिनो, त्यांच्यातला थोडासा भाग त्या दाट थरात शोषला जातो आणि तेवढ्याने तारा फुटतो. सगळ्या ऊर्जेतली साधारण ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. उरलेल्या एका टक्क्यात तारा उधळला जातो, आणि जो प्रकाश आपल्याला दिसतो, अख्ख्या दीर्घिकेशी बरोबरी करणारा, तो त्या एका टक्क्यातलाही जेमतेम शंभरावा भाग.

आणि हे सगळं होत असताना बाहेर? शांत. काक्षीएवढ्या ताऱ्यात ती लाट मध्यातून पृष्ठभागापर्यंत यायला दिवसभर लागेल. गाभा गेलेला असेल, मध्ये तो घट्ट गोळा, म्हणजे न्यूट्रॉन तारा, जन्मलेला असेल, आणि पूर्ण दिवस तो तांबूस ठिपका आकाशात तसाच असेल, त्याच्या पृष्ठभागाला अजून पत्ताच नाही.

हे नुसतं गणित नाही, एकदा पाहिलं गेलंय. २३ फेब्रुवारी १९८७. मोठा मॅजेलनी ढग नावाच्या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, साधारण १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर, सँडुलिक -६९ २०२ नावाचा तारा फुटला. चिलीत लास कँपानासला इयान शेल्टनने फोटोच्या काचेवर पाहिला. पण त्याचा प्रकाश दिसायच्या सुमारे तीन तास आधी जपानमध्ये कामिओकाच्या खाणीतल्या पाण्याच्या टाकीत ११ न्यूट्रिनो पकडले गेले, अमेरिकेत मिठाच्या खाणीत ८, आणि कॉकेशस डोंगराखाली बक्सानला ५. सगळे काही सेकंदांत. म्हणजे त्या दिवशी इथल्या प्रत्येक माणसाच्या नखाएवढ्या जागेतून हजार कोटींच्या घरात न्यूट्रिनो पार झाले आणि सगळ्या जगाने मिळून पकडले ते दोन डझन. त्या दोन डझनांनी सांगितलं की गाभा कोसळतो हे खरं आहे. गंमत म्हणजे ह्यातल्या जपानी आणि अमेरिकी टाक्या मुळात प्रोटॉन तुटतो का हे बघायला बांधल्या होत्या. तसाच प्रयोग आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीतही चालला होता, आणि त्याच्याही आधी, १९६५ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर तिथेच खोल खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडले. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये, मुलांनो लिहून ठेवा.

सँडुलिकने एक धडा मात्र शिकवला. तो तांबडा नव्हता, निळा होता. कोणालाच ते अपेक्षित नव्हतं. आता असं मानतात की तो आधी दोन तारे होता आणि ते एकत्र झाले. आणि २०२४ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्या राखेच्या मध्यात न्यूट्रॉन तारा असल्याच्या खुणा मिळाल्या, तब्बल ३७ वर्षांनी.

चेहऱ्यावरून काहीच कळत नाही असं मी म्हणतेय खरं, पण शेवटच्या थोड्या वर्षांत काही तारे जरा जास्त वायू ओकतात असं दिसायला लागलंय. मे २०२३ मध्ये जपानच्या कोइची इतागाकींना, जे हौशी निरीक्षक आहेत, एम १०१ दीर्घिकेत एक सुपरनोव्हा, म्हणजे असा फुटलेला तारा, सापडला, लडाखमधल्या हानले इथल्या आपल्या दुर्बिणीनेही तो टिपला, आणि फुटण्याच्या आधी त्या ताऱ्याने स्वतःभोवती दाट आवरण टाकलेलं होतं हे कळलं. म्हणजे अगदी शेवटी पोटातली खळबळ बाहेर थोडी उमटत असावी. ह्या प्रश्नावर आत्ता खूप काम चाललंय.

मागे काय उरतं? न्यूट्रॉन तारा, २०-२५ किलोमीटर रुंद, म्हणजे जुन्नर ते आळेफाट्याच्या आसपास, आणि त्यात सूर्यापेक्षा जास्त वजन. तो फिरत असला आणि त्याची रेडिओची झोत आपल्याकडे येत असली की आपण त्याला स्पंदक म्हणतो. खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या तुम्ही एसटीतून जाता-येता बघताच, ४५ मीटरची एक अशा ३० आहेत, त्या असे स्पंदक ऐकतात. गाभा फारच जड असेल तर न्यूट्रॉनसुद्धा हरतात आणि कृष्णविवर होतं. नेमका कुठला तारा कुठे जातो ह्याचा अजून पक्का नियम हातात नाही.

एक गैरसमज जाता जाता काढते, कारण शाळेतल्या भाषणांत दर वर्षी ऐकते, की आपल्या रक्तातलं लोखंड अशा ताऱ्यांतून आलं. थोडं आलं, पण बरंचसं दुसऱ्या प्रकारच्या स्फोटांतून, श्वेतबटू ताऱ्यांच्या, म्हणजे सूर्यासारख्या हलक्या ताऱ्यांचे जे गाभे मागे उरतात त्यांच्या. जड ताऱ्यांची खरी देणगी म्हणजे ऑक्सिजन. आत्ता तुम्ही जो श्वास घेतलात त्यातला ऑक्सिजन जवळपास सगळा अशाच ताऱ्यांच्या पोटात बनलाय, आणि माठातल्या पाण्याचं वजन केलं तर दहातले नऊ भाग ऑक्सिजनच. आणि अलीकडचीही एक खूण आहे, समुद्राच्या तळातल्या कवचांत लोखंड-६० नावाचा किरणोत्सारी प्रकार सापडलाय, जो २६ लाख वर्षांत निम्मा होतो, म्हणजे तो पृथ्वीच्या जन्मापासूनचा असूच शकत नाही, वीस-तीस लाख वर्षांपूर्वी जवळपास कुठेतरी तारा फुटला आणि त्याची धूळ इथे पडली.

हो, आजोबा, विचारा. काक्षी फुटला तर आपलं काय होईल? काही होणार नाही, तो पुरेसा लांब आहे. अर्ध्या चंद्राच्या आसपास उजळेल, दिवसाही दिसेल, तीनेक महिने तसा राहील, मग उतरत जाईल आणि मृगाचा एक खांदा कायमचा जाईल. आणि आधी कळणार कोणाला? कामिओकाच्याच डोंगराखाली कॅमलँड नावाची टाकी आहे, काक्षी एवढा जवळ असल्यामुळे सिलिकॉन जळायला लागल्यावरच त्याचे न्यूट्रिनो तिथे काही तास आधी जाणवतील, त्यासाठी त्यांनी इशाऱ्याची व्यवस्थाही लावून ठेवलीये. म्हणजे बघा, ज्या पोटातलं आपल्याला कधीच दिसत नाही त्याची बातमी आधी डोंगराच्या पोटातच येणार.

चला, आता दुर्बीण लावलीये तिकडे. आधी काक्षी बघा आणि लगेच राजन्य, रंगातला फरक तेव्हाच जाणवतो. आणि ही नवी वही आहे, ज्याला जमेल त्याने दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, काक्षी आणि वरची ती रोहिणी ह्यांची तुलना करून तारीख, वेळ आणि नाव लिहा. मला आज काक्षी थोडा उजळ वाटतोय. तुम्हाला काय वाटतं ते मला न विचारता लिहा.